‘बस’ म्हणायला शिकवणारा वर्ग

नव्या माणसाचा फोन बहुतेक आदल्या संध्याकाळी येतो. “मॅडम, उद्यापासून येतो म्हणतो. एक विचारायचं होतं,” एवढं बोलून माणूस जरा थांबतो. सुरुवातीला मला वाटायचं, आता गुडघा निघेल, नाहीतर बीपी निघेल. पण निघतो चहा. “चहा पिऊन आलं तर चालतंय का?”

गेवराईत योगाचा वर्ग घ्यायला लागून मला बावीस वर्षं झाली आणि या प्रश्नाचं उत्तर अजून तेच आहे. चालतं. अर्धा कप, आणि वर्गाच्या अर्धा तास आधी. चहाबरोबर दोन खाऱ्या आणि वर केळं, असं मात्र नको. पुढं वाकल्यावर ते सगळं घशात परत येतं.

दुसरा प्रश्न कपड्यांचा. पुरुषांना पायजमा चालतो, पोराची जुनी ट्रॅकपँट चालते. बायकांचं अवघड होतं. मी वर्ग सुरू केला तेव्हा चाळिशीच्या पुढच्या बायका पंजाबी ड्रेस घालून सासऱ्यासमोरून घराबाहेर पडत नसत. त्या साडीत यायच्या, पिशवीतून ड्रेस आणायच्या आणि हॉलच्या मागच्या खोलीत, जिथं लग्नाची भांडी ठेवलेली असतात तिथं, पातेल्यांच्या आडोशाला कपडे बदलायच्या. जाताना परत साडी. एकजण तर साडीच्या आतच सलवार घालून यायची आणि वर्ग सुटला की वरून साडी गुंडाळायची.

आमचा हॉल म्हणजे एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला. मालकांनी पहाटे साडेपाच ते सात ही वेळ पहिल्यापासून मला दिली आहे आणि कधी नाही म्हटलेलं नाही. लग्नाच्या तिथीला खाली बुंदी तळायला घेतात, तेव्हा आम्ही वर गच्चीवर जातो. शुद्ध तुपाचा वास येत असताना ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणायला माझी जीभ अडखळते, आणि लोक मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त मन लावून श्वास घेतात.

तिसरा प्रश्न कोणी फोनवर विचारत नाही, आल्यावर कानात विचारतात. ‘पवनमुक्तासन’ झाल्यावर. पाठीवर झोपून गुडघे पोटाशी आवळायचे, असं ते आसन आहे, आणि त्याचं नाव उगीच पडलेलं नाही. नवा माणूस त्या आवाजानं इतका शरमतो की काहीजण दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. म्हणून आता मी आधीच सांगून टाकते की असं होतं, सगळ्यांचं होतं, आणि माझंही झालेलं आहे. ॐकाराचंही तसंच. म्हणायचा असेल तर म्हणा, नसेल तर गप्प बसून श्वास सोडा. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही.

हे सगळं आज मी सहज बोलते आहे, पण ही समज माझ्याकडे पहिल्यापासून नव्हती. ती मला दोन माणसांनी दिली. दोघंही माझ्या वर्गात शिकायला आलेली, आणि दोघांचंही देणं मी कधी त्यांना नीट तोंडावर सांगितलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पाठ दुखते म्हणून योग शिकले, पाठीचं दुखणं थांबलं म्हणून शिकवायला लागले. शाळेतली मास्तरकी अंगात होतीच. वर्ग म्हणजे रांग सरळ पाहिजे, हात एका उंचीला पाहिजेत आणि पुढं वाकलं की सगळ्यांची बोटं पायाच्या अंगठ्याला लागली पाहिजेत. ज्याची लागत नाहीत, तो कच्चा विद्यार्थी.

वर्गाच्या तिसऱ्या वर्षी अंबादासमामा आले. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, उंच, अंगानं भरलेले. शेवटची काही वर्षं ते नव्या ड्रायव्हरांना गाडी शिकवायचे. नारायणगडाच्या यात्रेला जादा गाड्या सुटायच्या, तेव्हा पहिली गाडी त्यांचीच, असं लोक सांगायचे. उभी हयात स्टिअरिंगवर गेलेलं शरीर कसं असतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मान पुढं, खांदे वर, आणि उभं राहिलं तरी गुडघे थोडे वाकलेलेच. मांडी घालून बसताना त्यांना भिंतीचा आधार लागायचा. पण रोज वेळेच्या आधी हजर. दाढी करून, केसांना तेल लावून.

त्याच महिन्यात तालुक्यातले एक पुढारी आमचा वर्ग बघायला येणार, असं ठरलं. माझ्या डोक्यात वारं शिरलं. पाहुण्यांसमोर पहिली रांग एकसारखी वाकली पाहिजे, असं मी मनाशी धरलं, आणि उंचीमुळं मामा पहिल्या रांगेत होते.

‘पश्चिमोत्तानासन’ म्हणजे पाय लांब करून बसायचं आणि कमरेतून पुढं वाकायचं. दिसायला सोपं. ज्याच्या मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात, त्याच्यासाठी ते भिंत ढकलण्यासारखं असतं. मामांचे हात गुडघ्याच्या जरा पुढं जाऊन थांबले होते. मी मागं गेले, त्यांच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, “आणखी थोडं, मामा.” ते थोडं वाकले. “आणखी थोडं. श्वास सोडा.” त्यांची पाठ माझ्या हाताखाली थरथरत होती, ते मला कळत होतं. मी वजन टाकलं.

त्यांनी आवाज केला नाही. हळूच सरळ झाले, भिंत धरून उठले, चपला घातल्या आणि गेले. वर्ग सुटायला अजून वेळ होता. मला वाटलं, घरी काही काम असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पत्नी, सिंधुमामी, हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर, हातात काही नाही. सगळ्या वर्गासमोर त्या मला म्हणाल्या, “मॅडम, आमच्या माणसाला उठून संडासला जाता येईना. तुमी काय केलं त्यांला?”

माझ्या आयुष्यातली ज्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते ती गोष्ट ही की त्या वेळी मी म्हणाले, “घरी काहीतरी जड उचललं असेल त्यांनी.”

सिंधुमामी म्हणाल्या, “तुमी शिकल्या सवरल्याल्या. तुमी म्हणताव तर तसंच असंल.” आणि जिना उतरून गेल्या. मी पुढचं आसन सांगितलं.

पुढारी आले. पहिली रांग एकसारखी वाकली. टाळ्या वाजल्या. मी रोज सकाळी घरून निघताना ठरवायची की आज मामांकडे जायचं, आणि रोज काहीतरी काम काढायची. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी, वर्ग सुटल्यावर, मी सरळ त्यांच्या घरी गेले. रिकाम्या हातानं. काही घेऊन जाणं मला खोटं वाटलं.

मामा फळीवर पडले होते. कॉटवरची गादी काढून टाकली होती, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. बीडला नेऊन आणलं होतं. कमरेचा स्नायू दुखावलाय, मणक्यावर ताण आलाय, महिनाभर उठायचं नाही. सिंधुमामींनी पाणी आणून ठेवलं आणि आत निघून गेल्या.

“मामा,” मी म्हणाले, “माझ्यामुळं झालं हे. त्या दिवशी मी मामींना खोटं बोलले.”

ते छताकडे बघत होते. “खोटं बोलल्या ते मला कळलंय,” ते म्हणाले. “पण निम्मी चूक माझी बी हाय. दुखत व्हतं. थांबा म्हणायला पायजे व्हतं. आजूबाजूला बाया, पोरी. ह्या वयाच्या माणसानं दुखतंय म्हणायचं कसं?”

“मी नव्या पोरांना गाडी शिकवायचो ना,” ते म्हणाले. “पोरगं बसलं रे बसलं की गिअरला हात घालतंय. त्याला वाटतंय गाडी पळवली म्हंजी आली. मी हातावर मारायचो. ब्रेक कुठाय बे, आधी ब्रेक दाव. दोन दिवस निस्तं थांबायलाच शिकवायचो. चालू कर, थांबव. चालू कर, थांबव. पोरं चिडायची. पण थांबता येतंय म्हणल्यावर माणूस घाटात बी भीत न्हाई.” मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, “तुमच्या वर्गात ब्रेक शिकवीत न्हाईत, मॅडम.”

मी घरी आले. इतक्या शिबिरांना गेले, प्रमाणपत्रं भिंतीवर लावली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी थांबायला शिकवायचं, हे कोणी सांगितलं असेलही, पण ते मला ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर मी सांगितलं की अंबादासमामांना माझ्या हातून दुखापत झाली. घरी काही उचललं नव्हतं. दोघंजण वर्ग सोडून गेले. ते मला मान्य होतं.

आणि त्या दिवसापासून आमच्याकडे नव्या माणसाचा पहिला दिवस बदलला. आधी वहीत लिहून घेते: बीपी, शुगर, दमा, कोणतं ऑपरेशन, कुठं दुखतं. मग त्याला उभं करते, हात वर करायला सांगते, पुढं वाकायला सांगते, आणि अर्ध्यात त्यानं मोठ्यानं ‘बस’ म्हणून थांबायचं. दुखत नसलं तरी. ताण आला, चालेल. कळ आली, थांबायचं. श्वास अडकला, थांबायचं. शेजारच्याकडे बघावंसं वाटलं, तरी थांबायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण मोठमोठ्या माणसांच्या तोंडून तो शब्द निघत नाही. एक निवृत्त हेडमास्तर हसून वेळ मारून न्यायचे. बायका तर ओठातल्या ओठात म्हणतात. “ऐकू आलं नाही,” म्हणून मी परत म्हणायला लावते. कोणाच्याही पाठीवर मी त्यानंतर कधी वजन टाकलं नाही. हात लावायचा तर आधी विचारते.

अडीच महिन्यांनी मामा स्वतःहून आले. जिन्यात त्यांच्या पायांचा आवाज आला, तेव्हा मी चालू आसन विसरले. मागून सिंधुमामी, हातात प्लास्टिकची खुर्ची. “खाली बसायचं न्हाई म्हणलंय डाक्टरनी,” त्यांनी मला सांगितलं. “ह्याच्यावर बसून जे होतंय ते करतेल. तुमी लांब ऱ्हावा.” मी लांब राहिले. मामांनी खुर्ची दाराजवळ ठेवली आणि तिथं बसून हात, मान, घोटे फिरवायला लागले. त्या जागेवरून ते पुढं कधी हलले नाहीत. नवा माणूस आला की त्यांच्यासमोरूनच आत यायचा, आणि ते त्याला विचारायचे, “बस म्हणता येतंय का?”

आमचे दिवस असे चांगले चालले होते. मला वाटायचं, नव्या माणसाला कसं सांभाळायचं ते आता आपल्याला कळलं. पाच वर्षांपूर्वी कौसाबाई आल्या आणि माझं अर्धंच शिकणं झालंय हे कळलं.

त्यांना त्यांची मुलगी घेऊन आली. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स, गेवराईतच राहायला. “जय भीम, मॅडम,” म्हणून तिनं ओळख करून दिली. “आई चकलांब्याहून आता माझ्याकडंच राहते. ऊस तोडायला जात होती, आता मी बंद केलंय. पण घरात तिला बसवत नाही, झोप लागत नाही, आणि कंबर तर विचारूच नका.”

कौसाबाई पन्नाशीच्या. काटक, उन्हानं काळवंडलेल्या, डोळे जमिनीकडे. दरवर्षी दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी करून साखर कारखान्याच्या तोडीला जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, हे त्यांनी वीस-बावीस हंगाम केलं होतं. नवरा वारल्यावरही भावजयीबरोबर दोन हंगाम गेल्या.

मी वही काढली. “ऑपरेशन काही झालंय?”

“पिशवी काढल्याली हाय.”

“कधी?”

“लई वर्सं झाली. ही पोरगी शाळंत व्हती.”

गर्भाशय काढलंय, असं मी लिहून घेतलं. आमच्या भागात माझ्या वहीत ही नोंद किती कोवळ्या वयापुढं येते, त्यावर मी इथं जास्त बोलत नाही. प्रत्येक वेळी लिहिताना पेन जड होतं, एवढंच.

पहिल्या दिवशी मी त्यांना पुढं वाकायला सांगितलं. त्या वाकल्या आणि दोन्ही तळहात सरळ फरशीवर टेकले. गुडघे ताठ. वर्गातल्या पोरी बघत राहिल्या. जी गोष्ट आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत जमली नव्हती, ती या बाईंना पहिल्या मिनिटात जमली. त्यात कौतुकाचं काही नव्हतं. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. ते शरीर वाकूनच घडलं होतं. मागं वाकायला सांगितलं, तेव्हा ते एक इंचही हललं नाही.

“आता अर्ध्यात बस म्हणा,” मी म्हणाले.

“कावून?”

“थांबायला शिकायचंय म्हणून.”

“मला दुखत न्हाई की.”

“दुखत नसलं तरी.”

त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि म्हणाल्या नाहीत. मी खूप दिवस प्रयत्न केला. कौसाबाईंच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

खरी अडचण शवासनात आली. वर्गाच्या शेवटी दहा मिनिटं सगळे पाठीवर निवांत पडतात, डोळे मिटून, हातपाय सैल सोडून. नव्या लोकांना वाटतं, हे तर सोपं. नवा माणूस यात घोरतो, आणि कधी कधी रडतोही, कारण नसताना, कानापर्यंत पाणी ओघळतं. दोन्ही गोष्टी होऊ द्याव्यात. मी पहिल्या दिवशी सांगून ठेवते.

कौसाबाई झोपल्याच नाहीत. सगळे आडवे झाले की त्या उठून बसायच्या. मग लोकांच्या चपला ओळीत लावायच्या. कोपऱ्यातला झाडू घेऊन जिना झाडायच्या. एके दिवशी सगळ्यांच्या चादरींच्या घड्या घालून ठेवल्या.

“कौसाबाई, पाच मिनिटं पडा,” मी म्हणायची.

“दिवसा आडवं कसं व्हायचं, मॅडम? आमच्यात दिवसा आडवी बाई म्हंजी एक तर आजारी, न्हाईतर मेल्याली.” हे त्या रागानं नाही, समजावून सांगितल्यासारखं बोलल्या. “उसाच्या फडात कोण आडवं दिसलं तर मुकादम सगळ्या टोळीला बोलतोय. तापात बी बसून राहायचं. निजायचं न्हाई.”

मी कुशीवर पडायला सांगितलं, भिंतीकडे तोंड करायला सांगितलं, डोळ्यांवर पदर घ्यायला सांगितलं. त्या दोन मिनिटं पडायच्या. तेवढ्यातही मान उचललेली. जिन्यात पाऊल वाजलं की ताडकन बसायच्या. तीन आठवडे झाले. मला मनातून वाटायला लागलं होतं की हे आपल्याच्यानं होणार नाही.

दारातल्या खुर्चीवरून मामा हे रोज बघत होते. एके दिवशी शवासन सुरू झालं, कौसाबाई नेहमीसारख्या उठून बसल्या, तेव्हा मामांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि वर्गाकडं पाठ, दाराकडं तोंड करून बसले.

“कौसाबाई,” ते मागं न बघता म्हणाले, “तुमी निजा. मी राखण करतो.”

“कशाची राखण?”

“जिन्याची. कोण आलं तर आधी मला दिसंल. मी तुमाला उठवीन, मग त्याला वर येऊ दीन.”

कौसाबाईंनी त्यांच्या पाठीकडं बघितलं. मग पदर सारखा केला आणि पाठीवर पडल्या. मान खाली टेकली.

दहा मिनिटं झाली. मी हळू आवाजात सगळ्यांना उठवलं. कौसाबाई उठल्या नाहीत. तोंड थोडं उघडं, एक हात पोटावर, एक बाजूला पडलेला. लोक न बोलता चपला हातात घेऊन जिना उतरले. मुलगी न्यायला आली, तिला मी बोटानं दाखवलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिची ड्युटीची वेळ होती, तरी बसली. तिनं आईला दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं, असं नंतर म्हणाली. मामा तसेच दाराकडं तोंड करून.

तासभर झाला असेल. खाली टेम्पोतून मांडवाचे बांबू टाकल्याचा आवाज झाला आणि त्या दचकून उठल्या. चहूकडं बघितलं. “फड ऱ्हाईला का?” त्यांच्या तोंडून निघालं. मग हॉल ओळखला, पोरीला ओळखलं.

“आई, काही राहिलं नाही,” मुलगी म्हणाली.

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडल्या. आवाज न करता, खांदे हलवत. मुलगी जवळ सरकली. मामा खुर्चीवरून उठले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. मी भांड्यांच्या खोलीत गेले, कारण माझंही तोंड मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

त्यानंतर कौसाबाई रोज झोपायला लागल्या, दहाच मिनिटं. रात्रीची झोपही यायला लागली. कंबर पूर्ण बरी झाली नाही, ती होणारही नाही. बावीस हंगामांचं दुखणं मी काढू शकते, असं मी कोणाला सांगत नाही. पण मागं वाकता यायला लागलं. एके दिवशी सर्वांगासनाच्या तयारीत त्यांनी मध्येच पाय खाली घेतले आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “बस.” मामांनी खुर्चीत हात वर केला. बाकी कोणाला काही कळलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी, कौसाबाई मला चकलांब्याला घेऊन गेल्या. त्यांची भावजय आणि गल्लीतल्या दहा-बारा बाया दुसऱ्या दिवशी तोडीला जाणार होत्या. “त्यांला कायतरी दावा,” त्या म्हणाल्या. “फडात करता येईल असं.”

दुपार उतरत होती. शाळेच्या मैदानावर आम्ही जमलो. प्रत्येकीच्या घरी बोचकी बांधलेली होती. कडेला चार-पाच पुरुष उभे राहिले. एक म्हातारा म्हणाला, “आता बायांना डान्स शिकवता काय?” बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी तयारी करून गेले होते. कमरेवर हात ठेवून मागं कसं वाकायचं, तीन श्वास वर बघायचं, पोटऱ्या कशा ताणायच्या, मोळी उचलण्याआधी गुडघे कसे वाकवायचे. सगळं दाखवलं.

कौसाबाईंची भावजय म्हणाली, “चांगलं हाय, मॅडम. पण फडात टाइम कुठंय?”

“टाइम मला देता येत नाही,” मी म्हणाले.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या उन्हाळ्यात टोळी परत आली, तेव्हा भावजय मुद्दाम गेवराईला येऊन भेटली. मागं वाकायचं तेवढं त्यांनी चालू ठेवलं होतं. सगळ्या एकदम वर बघायला लागल्या की मुकादम विचारायचा, पाऊस येतोय का. “मग तो बी वर बघायचा,” ती म्हणाली. “तेवढाच त्याला बी आराम.” दोघीजणी मात्र दुखण्यानं हंगाम अर्धा टाकून आल्या होत्या. त्यांच्यासाठी माझं काही उपयोगी पडलं नव्हतं.

पण त्या दिवशी मैदानावर, माझं एवढं बोलून झालं तेव्हा कौसाबाई पुढं आल्या. “मॅडमनी शेवटचं पयलं सांगायला पायजे व्हतं,” त्या म्हणाल्या. “सगळ्या आडव्या व्हा.”

कोणी हललं नाही. कडेला पुरुष उभे होते. कौसाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “तुमी तिकडं तोंड करून थांबा. बाया दमल्यात.” म्हातारा काहीतरी पुटपुटला, पण वळला. मग बाकीचेही वळले. कौसाबाई मातीत पाठीवर पडल्या. भावजय पडली. मग एकेक करत सगळ्या. नव्या लुगड्यातली एक पोर, लग्नाचं पहिलंच वर्ष असेल, सर्वांत शेवटी.

मी उभी होते. शवासनात मी नेहमी उभीच असते. सगळे निजलेले असताना शिकवणाऱ्यानं फिरत राहायचं, कोणाला थंडी वाजते का, कोण खोकतं का, बघत राहायचं, अशी माझी पहिल्यापासूनची रीत. स्वतःच्या वर्गात मी एकदाही आडवी झाले नव्हते.

“मॅडम,” कौसाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, “तुमी बी.”

मी चप्पल काढली आणि त्यांच्या शेजारी पडले. माती अजून गरम होती. पाठीखाली एक खडा होता, तो काढायला हात नेला आणि राहू दिला. आजूबाजूला बायांचे श्वास आधी वरवरचे होते, मग लांब होत गेले. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. वाटेवरून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, सामान भरायला आला असावा. ती नवी पोर घाईनं उठायला लागली.

कौसाबाईंनी हात लांब करून तिचं मनगट धरलं.

“पड,” त्या म्हणाल्या. “अजून झालं न्हाई.”